दर मार्चला मरणारं लॉन: पैसे घालण्याआधी काय तपासायचं

इंदूरच्या राजेंद्रनगर, लोकमान्य नगर, सुदामानगर या भागांतल्या घरांपुढची लॉनं मी बरीच वर्षं दुरुस्त करतोय. घरं वेगळी, माणसं वेगळी, पण वाक्य एकच: "अहो, मागच्याच वर्षी नवीन लावलं होतं!" माळी पुन्हा नव्या गवताचा भाव सांगतो, घरमालक देतो, पावसाळ्यात सगळं हिरवंगार होतं आणि पुढच्या मार्चला परत टक्कल. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. इंदूरच्या काळ्या मातीत गवत बदलण्याची गरज क्वचितच पडते. गवताखालचं कारण तसंच राहिलं, तर देशी लावा नाहीतर महागातलं कोरियन लावा, ते जाणारच.

खालची सगळी तपासणी फुकटापासून खर्चिकाकडे जाते. क्रम मोडू नका. मधेच कारण सापडलं तर तिथेच थांबून ते दुरुस्त करा आणि महिनाभर वाट बघा.

लक्षणं

- पावसाळ्यात हिरवं, दिवाळीपर्यंत बरं, फेब्रुवारी-मार्चपासून चट्ट्याचट्ट्यांनी पिवळं, मे महिन्यात नुसती भेगाळलेली जमीन.
- टक्कल दरवर्षी त्याच त्या जागी पडतं.
- पाणी दिलं की वरच्या वर साचतं, उताराने फरशीवर येतं, नाहीतर भेगेत गडप होतं.
- गवत कमी आणि मोथा हे तण जास्त.
- झाडाखालचं गवत लांबुळकं, विरळ, लेचंपेचं.
- पानं पिवळट, पण त्यांत हिरव्या रेघा दिसतात.
- मूठभर गवत धरून ओढलं तर चटईसारखं उचललं जातं.
- आजूबाजूला सगळं वाळलेलं असताना एकच पट्टा संशय यावा इतका हिरवा.

शेवटचं लक्षण लोकांना आवडतं. मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. त्याबद्दल शेवटी.

मेलंय की झोपलंय?

देशी दूब, म्हणजे आपली गणपतीला वाहायची हरळी, हे उष्ण हवेचं गवत आहे. रात्रीचं तापमान १० अंशांच्या आसपास उतरलं की ते वाढ थांबवतं आणि पेंढ्याच्या रंगाचं होतं. इंदूरला डिसेंबर-जानेवारीत हे होणारच. हा बिघाड नाही. या दिवसांत घाबरून युरिया टाकणं आणि रोज पाणी मारणं म्हणजे झोपलेल्याला उठवून जेवायला बसवणं. खत वाया जातं आणि ओलाव्यावर बुरशी पोसली जाते.

उन्हाळ्यातही हरळी बरेचदा वरून मेल्यासारखी दिसते, पण जमिनीतल्या कांड्या जिवंत असतात. खुरप्याने टकलाच्या कडेची एक कांडी उकरून काढा आणि नखाने सोलून बघा. आत पांढरट-हिरवी आणि ओलसर असेल तर जिवंत आहे. पोकळ, तपकिरी आणि कडकन मोडणारी असेल तर गेली. चार-पाच जागच्या कांड्या कुंडीत लावून दोन आठवडे पाणी दिलं की शंकाच राहत नाही. ही परीक्षा केल्याशिवाय कुणालाही "सगळं काढून नवीन लावा" असं म्हणू देऊ नका.

ऊन मोजा

सकाळी नऊ, अकरा, एक, तीन आणि पाच वाजता टकलाच्या जागेचा मोबाइलवर फोटो काढा. सुट्टीच्या दिवसाचं काम आहे. हरळीला रोज निदान सहा तास थेट ऊन लागतं. चार तासांपेक्षा कमी ऊन असलेल्या जागी ती तग धरत नाही, कितीही खत घाला. शेजाऱ्यांनी मधल्या काळात वर मजला चढवला असेल, किंवा लावलं तेव्हा कमरेएवढं असलेलं आंब्याचं झाड आता छपराच्या वर गेलं असेल, तर लॉनचा काही दोष नाही.

अशा जागी गवताचा हट्ट सोडा. फरशीचे तुकडे बसवा, सावलीतली झाडं लावा, काकूंसाठी बाकडं ठेवा. झाडाच्या खालच्या चार फांद्या काढून ऊन येत असेल तर उत्तम. पण मोठं झाड तोडायचं मनात असेल तर आधी नगर निगमची परवानगी.

पाणी: किती, कसं, आणि कुठलं

अर्धी लॉनं इथेच सुधारतात, म्हणून जरा थांबून वाचा.

इंदुरात वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. बाकीचे आठ महिने गवत आपल्या नळीवर. आणि नळाचं पाणी म्हणजे नर्मदा, नदीकाठच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर उपसून आणलेली. ते एक दिवसाआड येतं तेव्हा टाकी बघूनच लॉनचा विचार करावा लागतो.

आता हिशेब. २० बाय २५ फुटांचं, म्हणजे ५०० चौरस फुटांचं लॉन धरू. हे झालं साधारण ४६ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक लिटर म्हणजे एक मिलिमीटर पाणी. आठवड्याला २५ मिलिमीटर द्यायचं तर साडेअकराशे लिटर लागतात. १५ लिटरची बादली ४५ सेकंदांत भरत असेल, तर नळी मिनिटाला २० लिटर देते. म्हणजे आठवड्याभरात मिळून तासभर नळी.

बहुतेक घरांत काय चालतं? काका रोज संध्याकाळी चहा झाला की दहा मिनिटं नळी धरतात. सात दिवसांचे झाले चौदाशे लिटर. म्हणजे पाणी कमी पडत नाहीये, उलट जास्तच जातंय. पण दर वेळी पडतात चार मिलिमीटर. तेवढ्याने कोरड्या काळ्या मातीचे वरचे दोन-तीन सेंटिमीटर ओले होतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उडून जातात. मुळं पाण्यामागे जातात, त्यामुळे ती वरच राहतात. मार्चच्या पहिल्या कडक उन्हात वरचा थर तापला की मुळांना पळायला जागाच नसते.

उपाय फुकट आहे. तेच पाणी आठवड्यातून दोनदा, पहाटे किंवा सकाळी, अर्धा-अर्धा तास द्या. काळी माती पाणी सावकाश पिते, म्हणून पंधरा मिनिटं द्या, अर्धा तास थांबा, मग उरलेली पंधरा मिनिटं. पाणी सगळीकडे सारखं पडतंय का हे बघायला लॉनवर चार-पाच सरळ भिंतीचे स्टीलचे डबे ठेवा. वाट्या नकोत, त्या वर रुंद आणि खाली अरुंद असतात, मोजमाप चुकतं. डब्यांत पट्टी बुडवून बघा. एका डब्यात पाच आणि दुसऱ्यात वीस मिलिमीटर निघालं, तर टकलाचं कोडं तिथेच सुटलं.

मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा २५ मिलिमीटरही कमी पडतात. टाकीत पाणी नसेल तर हिरव्या रंगाचा मोह सोडा. दोन-तीन आठवड्यांतून एकदा बारा-पंधरा मिलिमीटर दिलं तरी कांड्या जगतात. हरळी पावसात परत येते. टँकर मागवून लॉन हिरवं ठेवणं मला पटत नाही, बजेटच्या दृष्टीनेही नाही.

पाणी कुठलं, हा तिसरा प्रश्न. आरओ मशीनचं टाकाऊ पाणी वाया जाऊ नये म्हणून त्याची नळी लॉनमध्ये सोडलेली मी कित्येक घरांत बघतो. हेतू चांगला आहे. पण मशीनने पाण्यातून काढलेले क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात, आणि बोअरिंगचं पाणी मुळातच जड असेल तर विचारूच नका. नळीच्या तोंडाशी टक्कल आणि मातीवर पांढरी पापडी दिसली की समजायचं. वॉशिंग मशीनच्या साबणाच्या पाण्याचंही तेच. त्यातल्या सोडियममुळे चिकण माती आणखी घट्ट बसते. हे पाणी संडास किंवा अंगण धुवायला वापरा. लॉनच्या त्या भागाला पुढचे महिनाभर भरपूर साधं पाणी देऊन क्षार खाली जाऊ द्या. पावसाळा हे काम अधिक चांगलं करतो.

कापणी

थोडक्यात सांगतो. देशी हरळी अडीच ते चार सेंटिमीटर उंच ठेवा. एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. महिन्यातून एकदा येणारा माळी पुढचा महिना सुटावा म्हणून गवत पार मातीपर्यंत खरडतो, आणि एप्रिलच्या उन्हात उघडी पडलेली कांडी भाजून निघते. दोन कापण्यांतलं अंतर कमी करा, नाहीतर उन्हाळ्यात कापणीच बंद ठेवा. कापल्यावर टोकं फाटलेली, पांढरट दिसली तर मशीनच्या पात्याला धार लावून घ्या.

स्क्रूड्रायव्हर आणि अगरबत्तीच्या काड्या

इथे मला सगळ्यात जास्त वेळ द्यावासा वाटतो, कारण "दरवर्षी त्याच जागी टक्कल" या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा याच तपासणीत निघतं.

पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सहा इंची स्क्रूड्रायव्हर घ्या आणि हाताच्या जोराने मातीत दाबा. दर दोन फुटांवर एकदा. जिथे तो मुठीपर्यंत जातो तिथे ठीक. जिथे अडकतो तिथे अगरबत्तीची रिकामी काडी खोचा. सगळं लॉन झालं की उभं राहून काड्यांकडे बघा.

काड्या सगळीकडे असतील आणि स्क्रूड्रायव्हर प्रत्येक ठिकाणी दीड-दोन इंचांवर चोंदून थांबत असेल, तर माती दाबली गेली आहे. मुलांचं क्रिकेट, गाडी वळवणं, ओल्या मातीवरून चालणं, ही कारणं. काड्या एखाद्या घोळक्यात असतील आणि खाली "टक्" असा आवाज येत असेल, तर खाली मलबा आहे. घर बांधून झाल्यावर ठेकेदार विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं आणि मुरूम पसरतो, वर चार इंच काळी माती घालतो आणि तिला गार्डन म्हणतो. त्या जागी मुळांना खोली नाही, ओलावा टिकत नाही, दगड तापतात, आणि सिमेंटमुळे आधीच अल्कधर्मी असलेली माती आणखी बिघडते. वरून कितीही नवं गवत लावा, ते पहिल्या उन्हाळ्यापर्यंतचंच पाहुणं.

मलब्याचा उपाय एकच: खणा. पण फक्त काड्यांपुरतं. तीन बाय तीन फुटांचा चट्टा आठ इंच खोल खणला की सहा घनफूट भराव निघतो. पहार आणि तगारी असेल तर घरचं एका सकाळचं काम, नाहीतर एका मजुराची अर्धी दिहाडी. दगड-विटा वेचून काढा. दोन भाग चाळलेली काळी माती, एक भाग कुजलेलं कंपोस्ट आणि एक भाग जाड वाळू असं मिश्रण भरा. पायाने हलकं दाबा, पाणी सोडा, बसलं की वरून पुन्हा भरा. ही जागा पहिल्या पावसात आणखी खाली बसते, तेव्हा आजूबाजूपेक्षा इंचभर उंच ठेवा.

खणण्याआधी दिव्याची वायर, पाण्याचा पाइप आणि चेंबरकडे जाणारी लाइन कुठून गेली आहे ते विचारा. माहीत नसेल तर पहार मारू नका, खुरप्याने सावकाश उकरा. वायर दिसली की थांबा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

दाबलेल्या मातीसाठी काटेरी फावडं, म्हणजे फोर्क, तीन-चार इंच खोल घुसवून किंचित हलवायचा आणि बाहेर काढायचा. दर पाच-सहा इंचांवर. माती मुठीत घेऊन गोळा करा. बोटाने दाबल्यावर तो फुटला तर हीच वेळ. बोटाला चिकटला तर दोन दिवस थांबा, कारण ओल्या काळ्या मातीत भोकं पाडली की त्यांच्या भिंती गुळगुळीत लिंपल्या जातात आणि पाणी उलट अडतं. गोळाच होत नसेल तर आधी पाणी द्या.

भोकांत आणि वरून अर्धा सेंटिमीटर चाळलेलं कंपोस्ट पसरा. आपल्या ५०० चौरस फुटांना सव्वाआठ घनफुटांच्या आसपास लागतं. नुसत्या वाळूची ट्रॉली मात्र ओतू नका. चिकण मातीत कंपोस्टशिवाय नुसती थोडी वाळू मिसळली की ती मोकळी होत नाही, कडक थर धरते. मातीचा पोत बदलायचा तर निम्म्याहून जास्त वाळू लागेल, आणि नर्मदेच्या वाळूचा भाव बघता तो विचारही नको. मे महिन्यात पडलेल्या भेगांतही हेच कंपोस्ट आणि माती मिसळून भरा. पहिला पाऊस आला की मुळांना आयती वाट मिळते.

कंपोस्ट विकत घ्यायची गरज नाही. जगभर ज्याला "इंदूर पद्धत" म्हणतात ती ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ च्या काळात आपल्याच गावात, आजचं कृषी महाविद्यालय आहे त्या आवारात, बसवली. पालापाचोळा, शेण, राख आणि माती यांचे थर, पुरेसा ओलावा, मधून मधून खालीवर करणं, आणि साधारण तीन महिन्यांत खत तयार. आणि आपण त्याच गावात पाचोळा कचरागाडीत टाकून नर्सरीतून खताची पोती आणतो! फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत ढीग लावला तर पावसाच्या तोंडावर तयार होतो. फक्त कच्चं शेण लॉनवर टाकू नका. त्यातून तणाचं बी येतं आणि हुमणीला, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीला, आमंत्रण जातं.

मोथा

मोथा वरून उपटला की पान हातात येतं आणि जमिनीतली गाठ तिथेच राहते. दोन आठवड्यांत परत. काळं प्लास्टिक अंथरण्याचा सल्ला फिरत असतो, पण मोथ्याची टोकदार पालवी प्लास्टिक फोडून वर येते.

आधी तो का आला ते बघा. मोथ्याला सतत ओली, घट्ट जमीन आवडते आणि सावली अजिबात सोसत नाही. म्हणजे गळका नळ, टाकीचा ओव्हरफ्लो, रोजचं पाणी. शिवाय बाहेरून आणलेली मातीची ट्रॉली, जिच्यातून गाठी फुकट येतात. पाण्याची पद्धत सुधारली आणि गवत दाट झालं की निम्मं काम आपोआप होतं. उरलेला मोथा तीन-चार पानांचा असतानाच, ओल्या मातीतून, खुरपं खोल घालून गाठीसकट काढा. दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटं, एक पूर्ण पावसाळा. कंटाळवाणं आहे, पण स्वस्त आहे.

औषधाचं विचाराल, तर ग्लायफोसेट मोथ्याबरोबर हरळीलाही मारतं, आणि २०२२ पासून त्याचा वापर केंद्र सरकारने फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांपुरता मर्यादित केला आहे. रुंद पानांच्या तणांवरचं टू-फोर-डी वाऱ्याने उडालं तर शेजारच्या काकूंचे गुलाब आणि टोमॅटो दोन्ही जातात. लॉनमध्ये मोथ्याखेरीज काहीच उरलं नसेल तर निवडक तणनाशक मारणाऱ्या जाणकाराला बोलवा. आणि आणखी एक: फवारणी होणार असेल तर त्या वर्षी गणपतीच्या दूर्वा या लॉनमधून खुडू नका. नैवेद्याच्या ताटाजवळ जाणारी वस्तू आहे.

चटईसारखं उचलणारं गवत

हे बहुतेक ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दिसतं आणि लोक बुरशी समजून औषध मारतात. साळुंक्या, कावळे किंवा बगळे लॉन उकरताना दिसले तर तुमच्याआधी त्यांना कळलंय. पिवळ्या चट्ट्याच्या कडेला एक फूट बाय एक फूट जागा खुरप्याने तीन बाजूंनी कापून गवत उलटा. पांढरी, तपकिरी डोक्याची, अर्धवर्तुळात वळलेली अळी म्हणजे हुमणी. एक-दोन सापडल्या तर सोडून द्या, निरोगी गवत तेवढं सोसतं. पाच-सहाच्या वर असतील तर हाताने वेचा, आणि मेटारायझियम ही जैविक बुरशी कृषी सेवा केंद्रातून आणून ओल्या मातीत संध्याकाळी द्या.

पुढच्या वर्षीचा इलाज जूनमध्ये. पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी बाहेर पडून कडुनिंब, बाभूळ आणि बोरीवर जमतात. झाडाजवळ दिवा लावून खाली साबणाच्या पाण्याची बादली ठेवली की सकाळी ती भरलेली मिळते. अंडी घालण्याआधीच संपलेला भुंगेरा सगळ्यात स्वस्त.

उलटलेल्या गवताखाली मातीच्या नळ्या आणि वाळवी दिसली, आणि लॉन घराच्या भिंतीला लागून असेल, तर विषय लॉनचा राहिला नाही. पेस्ट कंट्रोलवाल्याकडून घर तपासून घ्या.

पिवळेपणा आणि खत

खत इतक्या उशिरा आलं याचं आश्चर्य वाटेल, पण दाबलेल्या, उथळ मुळांच्या लॉनला खत देऊन तण पोसलं जातं.

जुनी पानं आधी आणि पूर्ण पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. चौरस मीटरला दहा ग्रॅम युरिया, म्हणजे आपल्या लॉनला साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, कोरड्या पानांवर सारखा फेकून लगेच पाणी. दोन वेळांत निदान महिना-दीड महिना अंतर, आणि फक्त गवत वाढत असताना. मूठ सैल सुटली की त्या जागी जळका डाग पडतो.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये. मातीत लोह असतं, पण चुनखडीच्या अल्कधर्मी मातीत ते मुळांना घेता येत नाही. लिटरला पाच ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा. फरशीवर उडालं तर लगेच धुवा, गंजाचे डाग जन्मात जात नाहीत. मोबाइलवर परदेशी बागवाल्यांचे व्हिडिओ बघून लॉनला चुना घालणारे भेटतात. तो इलाज आम्लधर्मी जमिनीचा. माळव्याच्या मातीत चुना घालणं म्हणजे पिवळेपणा पैसे देऊन विकत घेणं.

एवढं करूनही रंग आला नाही तर माती तपासा. पाच-सहा जागची सहा इंचांपर्यंतची माती मिसळून, सावलीत वाळवून, अर्धा किलो कृषी विभागाच्या मृदा परीक्षण प्रयोगशाळेत द्या. पीएच (आम्ल-अल्क पातळीचा आकडा) साडेआठच्या वर किंवा क्षारता जास्त निघाली तर जिप्समचं प्रमाण अहवाल बघून कृषी तज्ज्ञाकडूनच घ्या.

टक्कल भरणं

कारण सापडून दुरुस्त झालं असेल तरच हे करा. वेळ एकच: मान्सून स्थिरावला की, म्हणजे जूनचा शेवट ते जुलै.

तुमच्याच लॉनच्या चांगल्या भागातून किंवा शेजाऱ्यांकडून हरळीच्या कांड्या मागून आणा. मोथा नाही ना, ते बघून घ्या. दोन-दोन इंचांचे तुकडे करा, चाळलेली माती, शेण आणि पाणी यांच्या घट्टसर काल्यात मिसळा आणि उकरलेल्या ओल्या जागेवर इंचभर जाडीने थापा. वरून हलकी माती भुरभुरा. कच्चं शेण नको म्हटलं, ते इथेही लागू. जुनं, कुजलेलं घ्या. छोट्या चट्ट्यांना कांड्या तीन-चार इंचांवर टोचल्या तरी चालतात. सहा-आठ आठवड्यांत जमीन झाकली जाते. तोवर मुलांना आणि कुत्र्याला तिथे जाऊ देऊ नका.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

आता तो हिरवा पट्टा. एप्रिलमध्ये सगळं वाळलेलं असताना एकच रेघ हिरवीगार, त्यातून वास येतोय किंवा जमीन भुसभुशीत लागतेय, तर खाली ड्रेनेजची लाइन फुटली आहे किंवा पाण्याचा पाइप गळतोय. प्लंबर बोलवा, आजच. पिण्याच्या पाण्याची लाइन जवळून जात असेल तर तोवर पाणी उकळून प्या.

पाऊस थांबून चोवीस तास झाले तरी पाणी साचलेलं असेल, तर उतार चुकला आहे. तो घरापासून बाहेरच्या दिशेला हवा. वरवरची चर मारून बाहेर जात असेल तर मारा. पण भिंतीला किंवा प्लिंथला, म्हणजे घराच्या जोत्याला, लागून स्वतः खोल चर खणू नका. काळी माती ओलीने फुगते आणि उन्हाने आकसते. पायाजवळचा ओलावा एकदम बदलला तर भिंतींना तडे जातात. तडे आधीच असतील तर माळी नको, सिव्हिल इंजिनिअर हवा.

लॉन बरेच महिने वाढू दिलेलं असेल तर पावसाळ्यात त्यात हात घालण्याआधी काठीने आपटून बघा. साप दिसला तर अंतर ठेवा आणि सर्पमित्राला फोन करा.

आणि खरोखरच अर्ध्याहून जास्त लॉनमधल्या कांड्या मेलेल्या निघाल्या, सगळीकडे मलबा निघाला, तर मग ठेकेदार बोलवायला हरकत नाही. भाव ठरवण्याआधी त्याला विचारा: खणणार किती इंच? मलबा उचलून नेणार की तिथेच पसरणार? माती कुठली, आणि तिच्यात मोथा निघाला तर काढून कोण देणार? गवत कुठल्या जातीचं, आणि आमच्या उन्हात ते जमेल का? उत्तरं कागदावर घ्या. निम्मे पैसे काम झाल्यावर द्या आणि उरलेले ऑक्टोबरमध्ये, पाऊस गेल्यावर गवत धरलेलं दिसलं की. जो याला तयार होत नाही, त्याला मार्चमध्ये काय होणार हे माहीत असतं.